जट, देवी आणि कंगवा

मुलीच्या मानेजवळची एक बट गुंतते. न्हाणं लांबतं, तेल आणि धूळ बसून ती चिकट होते, विंचरायला घेतलं की कंगवा अडतो. मग घरातलं कुणी वडीलधारं म्हणतं, ‘‘राहू दे, देवीची जट दिसते.’’ त्या दिवसापासून त्या बटेला हळदकुंकू लागतं, पण कंगवा लागत नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या बोलावण्यापायी मुली देवीला सोडल्या गेल्या. ते थांबवायला कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. म्हणून गुंता सोडवणं हा देवीचा अपमान आहे का, हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते देताना देवीवरच्या कुणाच्याही श्रद्धेला मी हात लावत नाही.

केसावर अतिशय बारीक खवले असतात, त्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. केसावर केस घासला की हे खवले एकमेकांत अडकतात. कुरळ्या केसाला वळणं जास्त, शिवाय डोक्यातलं तेल त्याच्या शेंड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तो लवकर गुंततो. इथवर काहीच गूढ नाही. पण गुंत्याला जट म्हटलं की विंचरणं थांबतं, विंचरणं थांबलं की गुंता वाढतो, आणि वाढलेला गुंता देवीच्या इच्छेचा पुरावा ठरतो. समजूत आपला पुरावा असा आपणच वाढवते. पोलंडमध्ये यल्लम्मा नव्हती, तरी तिथल्या खेड्यांत जट होती, आणि ती कापली तर आजारपण येईल, डोळे जातील अशी धास्तीही होती. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी या समजुतीविरुद्ध चिकाटीनं काम केलं. इतक्या दूरच्या दोन मुलखांत तोच गुंता आणि तीच भीती असेल, तर कारण केसांत आणि माणसाच्या मनात शोधायला हवं.

कुणी म्हणेल, शंकर जटाधारीच आहे, साधूही जटा राखतात. खरं आहे. पण साधूनं संसार सोडून ते व्रत स्वतः घेतलेलं असतं. आठ वर्षांच्या पोरीनं काय सोडलेलं असतं? केसांचं पावित्र्य आणि कंगवा यांत वैर असायला हवं, असंही नाही. खालसा पंथात केस कापत नाहीत, आणि त्याच पंथाच्या पाच ककारांत केसांच्या जोडीला कंगाही आहे. केस देवाचे मानायचे आणि म्हणूनच ते रोज विंचरायचे, हा विचार धर्माच्या आतूनच आलेला आहे. दुसरा आक्षेप जास्त चिवट असतो: अमकीनं जट काढली आणि घरात मरण आलं. मरण जट राखलेल्या घरांतही येतंच, फक्त तिथं त्याचा दोष कुणी जटेला देत नाही.

काथ्यासारखी कडक झालेली, मानेला ओढ लावणारी, कुशीवर झोपू न देणारी जुनी जट कंगव्यानं सुटत नाही, ती कात्रीनंच काढावी लागते. कंगव्याची वेळ त्याच्या खूप आधीची, आणि समजूत नेमकी तेव्हाच आडवी येते. त्यासाठी महागडं काही लागत नाही. दाट, कुरळ्या केसांना रुंद दातांचा, टोकं गोल असलेला साधा कंगवा पुरतो; ते ओलसर असताना, थोडं तेल किंवा कंडिशनर लावून विंचरावेत. सरळ, पातळ केस ओले असताना ताणले जाऊन तुटतात, म्हणून ते बरेचसे वाळू द्यावेत. त्यांना लवचिक दातांचा ब्रश चालतो. बारीक दातांची फणी उवांसाठी ठीक, गुंत्यात ती घालू नये. बट गुंत्याच्या वर मुठीत घट्ट धरायची, म्हणजे मुळाशी ओढ बसत नाही. आधी बोटांनी गुंता सैल करायचा, मग शेंड्याकडून सुरुवात करून बोटभर बोटभर वर सरकायचं. मुलगी ‘आई गं’ म्हणाली की थांबायचं, अजून थोडं तेल घ्यायचं, आणि पुन्हा शेंड्यापासून.