ऑपरेशनआधी आजींना वजनकाट्यावर उभं करा

खुब्याचं हाड मोडलेल्या सत्तरीच्या बाईला ऑपरेशन करून घरी आणलं, की आधी पथ्य ठरतं. डाळ बंद, टाक्यांत पू होतो म्हणे. अंडं उष्ण, दही गार. उरते पेज, मऊ भात आणि चहाबरोबर दोन बिस्किटं. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यातूनही एखादा पदार्थ कमी करून जातो. बाईंच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, तर तेच पाहुणे म्हणतात, "बारीक झालात, बरं झालं. गुडघ्यांवरचा भार हलका झाला!"

यात बरं काही झालेलं नसतं. उतारवयात आपोआप उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो आणि खोकून कफ काढायला, कमोडवरून उठायला तेच स्नायू लागतात. 1936 साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली या सर्जननं पोटातल्या अल्सरचं ऑपरेशन झालेल्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचं वजन आधीच वीस टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यात तिघांमागे एक दगावला होता. बाकीच्यांत शंभरात तीन-चार. नंतर भूल सुधारली, अँटिबायोटिक्स आली, तरी खंगलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनचा धोका आजही जास्तच असतो. अतिलठ्ठपणाचेही धोके आहेतच, पण ते सांगायला सगळे पुढे असतात. शिवाय अंगानं भरलेल्या बाईचेही स्नायू झिजलेले असू शकतात, ते दिसत मात्र नाहीत.

त्यात "पडून राहा" हा सल्ला. सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतले स्नायू किलोभर झडल्याचं 2007 मध्ये अमेरिकी संशोधकांना आढळलं.

मला राग येतो तो या उपासमारीला आपण सद्गुण ठरवतो याचा. सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं, संकष्टी-एकादशी मोडायची नाही, "आता या वयात कसली खाण्याची हौस" हे ऐकून घ्यायचं. आयुष्यभर असं शिकवलेली बाई ऑपरेशननंतर भूक लागली तरी मागत नाही. घरचे तिला समजूतदार म्हणतात.

ऑपरेशननंतर पन्नास किलोच्या माणसाला रोज साधारण 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पेजेत नावापुरती. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं. बाकीच्यांना डाळ, दूध, दही, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे, थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. डाळीनं पू होत नाही, जंतूंनी होतो.

ऑपरेशनची तारीख घ्यायला जाल तेव्हा रिपोर्टांच्या फायलीत दोन आकडे लिहून न्या: सहा महिन्यांपूर्वीचं वजन आणि आजचं. पन्नासाचे पंचेचाळीस झाले असतील आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर आधी आठ-पंधरा दिवस नीट खाऊ घालून मग ते करता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि तोवर घरातल्या आजींचे उपास बंद करा.