पगाराची सायकल

महाराष्ट्रातून जगाच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत गाजलेले सायकलपटू आठवून पाहा, डॉक्टरच जास्त सापडतील. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. जिद्द मोठीच. पण पोटापाण्याची सोय दुसरीकडे होती म्हणून ती परवडली.

नेदरलँड्सच्या योप झूटमेल्कचे याच्या उलटे. रेइपवेटरिंग नावाच्या खेड्यातला हा पोरगा आधी सुतारकाम करायचा. १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण मिळाले आणि पुढे सायकल हाच त्याचा धंदा झाला. टूर द फ्रान्समध्ये तो सहा वेळा दुसरा आला. १९८० मध्ये आघाडीवरच्या बर्नार्ड ईनोने गुडघेदुखीने माघार घेतली आणि झूटमेल्क जिंकला. लोक म्हणाले, नशीब! मला ते पटत नाही. हा माणूस ती शर्यत सोळा वेळा धावला आणि सोळाही वेळा शेवटपर्यंत पोचला. १९८५ मध्ये, ३८ व्या वर्षी, तो जगज्जेता झाला. (उत्तेजकांच्या चाचणीतही तो सापडला होता, ते झाकायचे कारण नाही.)

इतकी वर्षे त्याला पोसले कोणी? विमा कंपनीने, आइस्क्रीमवाल्यांनी आणि आपल्या आजोबांना ठाऊक असलेल्या ‘रॅले’ सायकल कंपनीने. जर्सीवर त्यांचे नाव, बदल्यात पगार. दुसरा आला म्हणून त्याची चूल विझली नाही. सहा वेळा दुसरे येण्याची चैन त्यामुळेच जमली.

आपल्याकडे जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या पोराला मात्र एकदाही दुसरे येणे परवडत नाही. तिथे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. पोरगा मात्र मोटारसायकल दारात येईपर्यंतच पायडल मारतो. त्यातूनही एखाद्याने मुंबई–पुणे शर्यतीत घाट मारला, तर शाल, नारळ, पेपरात फोटो आणि लगेच पोलीस भरतीची तयारी. त्याचे काय चुकले?

जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. त्यांच्या मालकांना एकच विनंती: अंबड, घनसावंगी, परतूरकडची पाच पोरे निवडा, जर्सीवर कंपनीचे नाव छापा आणि तीन वर्षे पगार द्या, पहिली आली नाहीत तरी.