पतन वगळून अनुग्रह

अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन (१९२६–१९६७) यांचे चरित्र मुलांना सांगताना धर्मविचारातील एक जुना प्रश्न समोर येतो : पतन वगळून अनुग्रह सांगता येतो काय? कोल्ट्रेन यांचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते, त्यामुळे अनुग्रह, म्हणजे माणसाची पात्रता न मोजता ईश्वराने दिलेले देणे, ही कल्पना त्यांना घरातच भेटली होती. पुढे हेरॉइनच्या व्यसनापायी १९५७ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचातून त्यांना काढून टाकण्यात आले, त्यांनी व्यसन सोडले, आणि त्याच वर्षी ईश्वरकृपेने आपल्याला आध्यात्मिक जाग आली, असे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले.

मुलांसाठी कोल्ट्रेन यांच्यावर लिहिलेले कॅरोल बोस्टन वेदरफर्ड यांचे २००८ मधील सचित्र पुस्तक बालपणी कानी पडलेल्या नादांपाशीच थांबते, आणि लहानग्यांसाठी ते योग्यच आहे. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून १९५७ लपवले, तर अनुग्रह म्हणजे गुणी मुलाला मिळालेले बक्षीस असे त्यांना वाटते, आणि कोल्ट्रेन ज्यासाठी कृतज्ञ राहिले त्याच्या नेमके उलट मनात रुजते. व्यसनातून कला जन्मते असा समज होण्याचा धोका अर्थातच खरा आहे. म्हणून व्यसनग्रस्त जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले हे सांगावे, आणि कोल्ट्रेन यांचे सर्वांत समृद्ध वादन व्यसनमुक्तीनंतरचे, अखंड रियाजातून आलेले आहे, हेही.

९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या चार भागांच्या रचनेत ते ऐकू येते. तिच्या अखेरच्या भागात कोल्ट्रेन यांनी लिहिलेली प्रार्थना कोणी गात नाही; सॅक्सोफोनच तिचे शब्द एकामागून एक स्वरांत उच्चारतो, आणि तबकडीच्या वेष्टनात छापलेल्या ओळींवर बोट ठेवून मूल ऐकू लागले, की वाद्याने प्रार्थना करणे म्हणजे काय हे त्याला व्याख्येवाचून उमगते. जॅझमधील उत्स्फूर्त वादन, म्हणजे ठरलेल्या चौकटीत त्या क्षणी सुचेल ते वाजवणे, रियाजाशिवाय साधत नाही, आणि तरीही सुचणे हे केवळ रियाजाच्या हाती नसते. अनुग्रहाविषयी मुलांशी बोलायला याहून जवळची वाट क्वचितच सापडेल.

सॅन फ्रान्सिस्कोतील एक चर्च कोल्ट्रेन यांना संत मानते. मुलांपुढे मात्र त्यांना संत म्हणून उभे करण्याची घाई नको, कारण मग चाळिसाव्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने आलेला मृत्यू सांगताना सांगणाराच अडखळतो. देवाने वाचवले, तर इतक्या लवकर का नेले, असे मूल विचारणारच. देणे जर पात्रता न मोजता मिळाले होते, तर त्यात दीर्घायुष्याची हमीही नव्हती, एवढेच त्याला प्रामाणिकपणे सांगता येते. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही, तर प्रश्न त्याच्यापाशी राहू द्यावा.