मधला वाचक

पूर्वी अक्षरओळख नसलेल्या माणसाला गावाकडचे पत्र आले की तो ते शेजारच्या शिकलेल्या गृहस्थाकडे नेई. घरातले आजारपण, कर्ज, भाऊबंदकी सारे त्या गृहस्थाला कळे. पण आपले पत्र तिऱ्हाइताने वाचले आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. वाचणारा तोंडाचा सैल निघाला तर पुढचे पत्र दुसरीकडे नेण्याची मोकळीकही त्याला होती.

साध्या मोबाइलवर इंटरनेट आले तेव्हा असाच एक मधला वाचक त्याच्याबरोबर आला. नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने ‘ऑपेरा मिनी’ हा ब्राउझर जानेवारी २००६ मध्ये जगभर खुला केला. त्या काळच्या फोनची स्मृती तोकडी, पडदा चिमुकला आणि जीपीआरएसचा आकार किलोबाइटच्या मापाने. संगणकासाठी रचलेले पान त्याला पेलत नसे. म्हणून फोनने केवळ पत्ता सांगायचा. पान मागवणे, त्याची मांडणी करणे, चित्रे लहान करणे हे काम कंपनीचा दूरवरचा सर्व्हर करी आणि आटवलेला अर्क फोनकडे धाडी. नव्वद टक्क्यांपर्यंत बचत होते, असे कंपनी सांगे.

मराठी वाचकावर तर या मध्यस्थाचे निराळेच उपकार आहेत. अनेक फोनांना देवनागरी ठाऊक नव्हती. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या आतल्या मांडणीत एक पर्याय बदलला की सर्व्हर जोडाक्षरांसह अक्षरांची चित्रे काढून पाठवी. डेटा थोडा अधिक लागे, पण पुण्यामुंबईचे वर्तमान त्याच दिवशी मराठीत वाचता येई. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मंडळींना याचे मोल सांगायला नको.

परंतु पान आटवायचे तर ते आधी वाचावे लागते. बँकेचे कुलूपबंद पानही सर्व्हरवर उघडले जाई आणि पुन्हा कुलूप लावून पुढे जाई. ऑपेराने हे दडवले नव्हते. संपूर्ण गुप्तता हवी असेल त्याने ‘ऑपेरा मोबाइल’सारखा पूर्ण ब्राउझर वापरावा, असे ती सांगत असे. मात्र तो चालवायला सिंबियन किंवा विंडोज मोबाइल प्रणालीचा महागडा फोन लागे! जानेवारी २०१३ मध्ये नोकियाच्या ‘एक्सप्रेस’ ब्राउझरबाबत एका संशोधकाने हीच गोष्ट दाखवून दिली, तेव्हा कुलूप तात्पुरते आणि सुरक्षितपणे उघडले जाते, असा खुलासा कंपनीने केला.

हा खुलासा खरा मानला तरी आमचे समाधान होत नाही. सरकारी कचेरीत ‘गोपनीय’ लखोटासुद्धा कोणी फोडला, याची नोंद राहते. गरिबाला विचारले असते तरी त्याने स्वस्ताईच पत्करली असती, असे कोणी म्हणेल. कदाचित पत्करलीही असती. पण मग त्याला विचारायला अडचण कसली होती? माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात, तेही परक्या भाषेत, लिहून ठेवणे म्हणजे विचारणे नव्हे. शेजाऱ्याकडे पत्र नेणारा स्वतःच्या पायांनी जात होता.

२०१६ नंतर भारतात डेटा स्वस्त झाला आणि आटवणाऱ्याची गरज ओसरली. गूगलच्या क्रोममधील अशीच सोय सुरुवातीला कुलूपबंद पानांना हात लावत नसे. तीही २०२२ मध्ये बंद झाली. आता लांबलचक पानाचा सारांश सांगणारे ब्राउझर आले आहेत, आणि त्यांतील बऱ्याच जणांचे वाचन पुन्हा दूरच्या सर्व्हरवरच चालते. घरातील मुले वैद्यकीय अहवालही त्यांच्याकडून वाचवून घेतात. तो अहवाल कोठे गेला, असे आम्ही विचारले की ती फोनकडेच बोट दाखवतात.