परसबाग आणि अहिंसा

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात खुरपे, ही दोन्ही एकत्र शोभतात काय? माळकरी मंडळी पुष्कळदा विचारतात, ‘बुवा, परसात वाफे केले खरे, पण तण उपटावे लागते, खणताना गांडूळ तुटते, वालावर मावा पडला की चिरडावा लागतो. आम्ही मांस वर्ज्य केले ते जीवदयेपोटी. मग हे पाप कशाला ओढवून घ्यावे? त्यापेक्षा बाजारची भाजी बरी.’ प्रश्न भोळा दिसला तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम बाजाराचे पाहू. बाजारची मेथी काही आकाशातून पडत नाही. तिच्यासाठीही कोणी जमीन नांगरली, तण काढले, बहुधा औषधही मारले. आपण पैसे मोजले आणि ते पाहिले नाही, एवढेच. न पाहिल्याने दोष टळत असता, तर डोळे मिटणारा प्रत्येकजण साधू झाला असता. दोष शेतकऱ्याच्या माथी आणि शुद्धता आपल्या पदरी, हा कुठला न्याय?

आमचे शास्त्रकार याबाबतीत फार प्रामाणिक. गृहस्थाच्या घरात पाच ‘सूना’, म्हणजे वधस्थाने, त्यांनी सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. पण म्हणून चूल विझवा असे ते म्हणाले नाहीत. रोज पाच महायज्ञ करा, असे म्हणाले. त्यांत एक भूतयज्ञ. मुक्या जीवांना त्यांचा वाटा देणे. तात्पर्य, देहधाऱ्याला हिंसा शून्यावर आणता येत नाही. ती ओळखावी, कमी करावी आणि घेतल्यातले काही परत द्यावे, एवढे मात्र त्याच्या हाती आहे. परसबाग ही सहावी सूना समजा.

कमी कशी करावी? माउलींनी ज्ञानेश्वरीच्या १३व्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना साधूचे पाऊल किती जपून पडते ते सांगितले आहे. तीच रीत बागेला लावावी.

आरंभ लहान असावा. निदान सहा तास ऊन येईल तेथे १० फूट लांब, ४ फूट रुंद असा एकच वाफा करावा. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत पाय घालावा लागत नाही. माती तुडवली जात नाही, मातीतले जीवही नाहीत. शेणखत पुरते कुजलेलेच घालावे. कच्च्या शेणाने हुमणी आणि वाळवी येते. मग मारण्याचा प्रसंग आपणच घरी बोलावलेला असतो. माती एकदा तयार झाली की खोल खणू नये, वरवर खुरपावे. गांडुळे वाचतात, आणि पुढची मशागत तीच करतात. तण बी धरण्यापूर्वी, कोवळे असताना काढून वाफ्यातच पसरावे. आज दहा रोपांचा कंटाळा केला, तर पुढे शंभर उपटावी लागतात. आळसातही हिंसा आहे, बरं का!

माव्याचे म्हणाल, तर तो दिसताच औषध घेऊन धावू नये. ढालकिडा त्याच्यावरच जगतो. त्याला त्याचे काम करू द्यावे. फार पडला तर तेवढा शेंडा खुडावा, पाण्याच्या धारेने वेल धुवावा. तेवढ्याने न भागले, तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. तीही संध्याकाळी, काकडी-भोपळ्याच्या फुलांवर मधमाश्या नसताना.

आणि भूतयज्ञ? पाखराने टोचलेले पाखराचे. एक मुळा न उपटता फुलू द्यावा, तो मधमाश्यांचा. कुंपणाशी पाण्याचे परळ असावे. भाजीची पहिली जुडी शेजारच्या घरी जावी.

अरणचे सावता महाराज सन १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. जन्मभर त्यांनी मळा केला आणि मळ्यातच विठ्ठल पाहिला. मळा म्हटला की तण आले, कीड आली. हात निर्मळ राहावेत म्हणून ते काही मळा सोडून गेले नाहीत.

तेव्हा माळकऱ्यांनो, खुरपे खुशाल धरा. चालवताना हात कचरला तर ते कचरणे जपा. ते ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी माळ गळ्यात असून नसल्यासारखी. पण त्यापायी कामच टाकाल, तर आपले पाप दुसऱ्याकडून करवून घ्याल.

रामकृष्ण हरि.