शिकलेला कारागीर जाणार कुठे?

‘बांगलादेश अजून शर्टच शिवतोय आणि व्हिएतनाम मोबाइल विकतोय,’ परवा एका चर्चेत कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते खटकलं.

त्यामागचा विचार तसा भक्कम आहे. हिदाल्गो आणि हाउसमन या अभ्यासकांनी २००९ मध्ये तो आकड्यांत बसवला. देश किती तऱ्हेचा माल निर्यात करतो आणि तो माल आणखी किती थोड्या देशांना जमतो, यावरून त्या देशाचं उत्पन्न पुढे कुठवर जाईल याचा अंदाज येतो. माझं भांडण एवढंच, की हे मोजमाप बंदरावरची पेटी बघतं. आतलं कसब कुणाचं, ते बघत नाही. बाहेरून सुटे भाग आणून जोडलेला फोनही कागदोपत्री प्रगत निर्यातच ठरतो.

उलट चितगावची ‘देश गारमेंट्स’ घ्या. नूरुल कादेर यांनी दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये १३० माणसं बुसानला शिकायला पाठवली. शिलाई कशी तपासायची, परदेशी ऑर्डर वेळेत कशी पुरी करायची, हे शिकून ती परतली. १९८० मध्ये ४३ हजार शर्ट निघाले, नगाला सव्वा डॉलरच्या आसपास. पुढे काही वर्षांतच त्या १३० पैकी ११५ जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. त्यातून वाढलेल्या धंद्यानं लाखो बायकांच्या हाती पगार दिला. साधा शर्ट, पण विद्या माणसांबरोबर बाहेर पडली.

पण ते ११५ गेले कुठे? बहुतेक पुन्हा शिलाईतच. आजही बांगलादेशच्या निर्यातीत कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे आणि दरडोई उत्पन्नात व्हिएतनाम बराच पुढे आहे. पुण्याजवळच्या भोसरीचा टर्नर गाडीचे भाग करता करता पंपाच्या कामाकडे वळू शकतो, कारण शेजारच्या गाळ्यात ते काम चालू असतं. शिलाईत तरबेज झालेल्या बाईच्या शेजारी दुसरा धंदाच नसेल, तर तिचं कसब तिथंच अडतं. म्हणजे तऱ्हातऱ्हांचा माल हवाच, हे मला मान्य करावं लागतं. शिकलेल्या माणसाला पुढची पायरी मिळावी म्हणून तो हवा.

म्हणून निर्यातीचे आकडे जाहीर होतील तेव्हा आणखी एक आकडा मागा: त्या कारखान्यांत शिकून किती जणांनी दुसरा धंदा उभा केला?