पाटाचे पाणी आणि कॉलेजचे वाय-फाय

महाविद्यालयातील संगणक, इंटरनेट, वाय-फाय, प्रिंटर आणि ई-ग्रंथालय कोणी, कशासाठी व किती वापरावे हे सांगणाऱ्या लेखी नियमांना वापर-नियमावली म्हणतात. प्रवेशाच्या वेळी इतर हमीपत्रांच्या गठ्ठ्यात तिच्यावरही विद्यार्थ्याची सही होते आणि त्यानंतर ती कोणी वाचत नाही. वाचली जाते ती थेट कारवाईच्या दिवशी. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांची घरची बोली अहिराणी किंवा भिली असते, शाळेची भाषा मराठी असते. नियमावली बहुधा इंग्रजीत असते. न कळलेल्या मजकुराखालची सही संमती नसते, ती फक्त पोच असते. जिथे अकरावी-बारावीचे वर्ग पदवी महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात, तिथे तर सहीचीही अडचण. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या सहीने संस्थेच्या हाती कागद येतो, बंधन येत नाही.

नियमावलीच्या समर्थनार्थ एक दावा हमखास केला जातो. संगणक संस्थेचे, लाइन संस्थेची, वीजबिल संस्था भरते. तेव्हा नियम संस्थेनेच करावेत, आणि ज्याला ते जाचतात त्याने आपला मोबाइल वापरावा. दावा सुटसुटीत आहे, पण हिशेबात चुकलेला आहे. अनुदानित महाविद्यालयातले पगार सरकारी तिजोरीतून होतात, यंत्रसामग्रीवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा पैसा लागलेला असतो, आणि संगणकाच्या नावाने शुल्काची एक ओळ विद्यार्थ्याच्या पावतीवरही असते. एवढे भागीदार असलेल्या वस्तूला ‘आमची’ म्हणणारा माणूस शेतात सहसा टिकत नाही. संस्थेत मात्र तो टिकतो, आणि कधी कधी अध्यक्षही होतो.

या नियमांचा जन्म टंचाईतून झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८० च्या दशकात विद्यापीठांना जोडणारे जाळे उभारले, तेव्हा त्यावर व्यापारी वाहतूक चालणार नाही, ते संशोधन व शिक्षणासाठीच आहे, असा नियम केला. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेले ‘अर्नेट’ हे जाळेही आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा मोजक्या ठिकाणांपुरते होते. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ नंतर. तार बारीक आणि घेणारे अनेक असताना कामापुरते वापरा असे सांगणे रास्तच होते.

पुढे टंचाईच्या नियमावर भीतीचा थर चढला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने हजारो यंत्रे ठप्प केली. त्याला तीन वर्षांची देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. यथावकाश तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हा भाग मात्र नियमावल्यांच्या प्रास्ताविकात कधी येत नाही. त्या घटनेनंतर विद्यार्थी हा वापरणारा राहिला नाही, संभाव्य गुन्हेगार झाला. भारतात तिसरा थर महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेचा. मूल्यांकनाच्या चौथ्या निकषात विद्यार्थी आणि संगणक यांचे गुणोत्तर विचारले जाऊ लागले, सुविधांच्या वापराची व देखभालीची कार्यपद्धतीही विचारली जाऊ लागली. कार्यपद्धती विचारली की कागद लागतो, आणि कागद लागला की तो दुसऱ्या संस्थेच्या फायलीतून येतो. वाङ्मयचौर्य निषिद्ध असल्याचे बजावणारे कलम स्वतःच उतरवून घेतलेले असणे हा या साहित्यप्रकाराचा अंगभूत विनोद आहे.

सामाईक साधन कसे वापरावे हे शिकवायला खानदेशात बाहेरून कोणी येण्याची गरज नव्हती. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्या धुळ्यातल्या पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या मोसमवर काही शतके फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखाली भिजणारे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडलेले; एका फडात त्या हंगामाला एकच पीक. शेतकऱ्याच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असत, त्यामुळे उसाच्या फडातही त्याचा तुकडा आणि कोरडवाहू पिकाच्या फडातही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे शेतकरी स्वतः दारे धरत नसे. पाणी देई तो पाटकरी, सर्वांच्या शेतांना, ठरलेल्या क्रमाने. त्याचा मोबदला शेतकरीच धान्याच्या रूपात देत. पाणी कमी पडले तर कोणता फड पडीक ठेवायचा हे थळकऱ्यांच्या बैठकीत ठरे.

या व्यवस्थेत कोणालाही चोर समजण्याची सोय नव्हती, कारण चोरीला वावच कमी होता. पाटकरी सर्वांचा नोकर, म्हणून त्याची नजर सर्वांवर आणि सर्वांची त्याच्यावर. संगणक कक्षातल्या लॅब असिस्टंटची नेमणूक, बढती आणि भीती या तिन्ही गोष्टी वरून खाली येतात. विद्यार्थ्याला तो उत्तर देणे लागत नाही. प्राचार्यांच्या केबिनमधला वेग आणि शेवटच्या बाकावरचा वेग यांतला फरक त्याला ठाऊक असतो, पण तो कोणत्या नोंदवहीत लिहावा यासाठी रकानाच नसतो.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलेला सामाईक कुरणाच्या शोकांतिकेवरचा निबंध न वाचताही संस्थाचालक त्याच्याच आधाराने बोलत असतात: कुरण सर्वांचे ठेवले की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो आणि गवत संपते, म्हणून मालक हवा नाही तर दंडुका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर या गृहीतकाचा पिच्छा पुरवला. १९९० च्या त्यांच्या ग्रंथात स्वित्झर्लंडची कुरणे आहेत, स्पेनमधल्या वॅलेन्सियाचे पाट आहेत, जिथे पाणीवाटपाचे तंटे दर गुरुवारी शेतकऱ्यांमधूनच निवडलेल्या न्यायालयापुढे उघड्यावर चालतात. त्यांना आढळले ते असे: ज्यांच्यावर नियम लागू होतो त्यांचा तो करण्यात हात असेल, राखणदार त्यांनाच बांधील असेल, आणि पहिल्या चुकीला हलका व पुढच्या चुकीला वाढता दंड असेल, तर सामाईक साधन शतकानुशतके टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कॉलेजच्या नियमावलीत पहिल्या चुकीला काय आणि तिसऱ्या चुकीला काय याचा भेद सापडणे कठीण. ‘योग्य ती कारवाई’ या तीन शब्दांत तंबीपासून नाव कमी करण्यापर्यंत सगळे मावते.

येथवर पाट आणि वाय-फाय ही जोडी नीट जुळते. पण फडाचे गुणगान करणाऱ्यांनी, आणि असे गुणगान हल्ली फॅशनमध्ये आहे, दोन गोष्टींकडे डोळेझाक केली आहे. पहिली: फडात हक्क होता तो जमिनीला. ज्याची थळात जमीन नाही त्या मजुराला पाण्यात वाटा नव्हता आणि बैठकीत जागा नव्हती. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. घरात लॅपटॉप नसलेला, पहिल्या पिढीचा विद्यार्थी या नव्या थळातला भूमिहीन आहे. वापरणाऱ्यांच्या बैठकीत नियम ठरवा म्हटले, तर बैठकीत बोलणार तोच ज्याला आधीपासून वापरता येते. ऑस्ट्रॉम यांची तत्त्वे इथे जशीच्या तशी उतरवली तर जुनी पाटीलकी नव्या लॉगिनने परत येईल. म्हणून विद्यार्थ्यांनीच नियम करावेत हे निम्मेच उत्तर ठरते. खुर्ची आणि वेळ यांचा काही भाग घरी साधन नसलेल्यांसाठी आधीच राखून ठेवणे हे बैठकीच्या मर्जीवर सोडता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. पाटकरी पाणी मोजतो. शेतकऱ्याच्या मनात काय आहे ते त्याला दिसत नाही. संगणकाचा पाटकरी मात्र कोणती साइट उघडली, किती वाजता, किती वेळ, हे सारे पाहू शकतो. पाण्याच्या राखणीला जो अधिकार शोभतो तो वाचनाच्या राखणीला शोभत नाही. वेग आणि खुर्ची या खर्च होणाऱ्या गोष्टी आहेत. एकाने घेतल्या की त्या वेळी दुसऱ्याला मिळत नाहीत. एकाने लेख वाचला म्हणून तो दुसऱ्यासाठी आटत नाही. नियमावल्यांची सारी गफलत ही की त्या पहिल्या प्रकारचे कारण दाखवून दुसऱ्या प्रकारावर पहारा बसवतात.

पहाऱ्याची भाषा कुठून येते तेही पाहण्यासारखे आहे. आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोय करणारा मजकूर पाठवू नये, हे वाक्य बहुतेक नियमावल्यांत असते. हेच शब्द माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यात हे कलमही लावले गेले. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम मोघमपणापायी घटनाबाह्य ठरवले. कोणाला कशाचा त्रास होईल याची मोजपट्टी नाही, हे त्यामागचे सरळ कारण. संसदेने केलेल्या कायद्यात जे शब्द टिकले नाहीत ते संगणक कक्षाच्या दारावरच्या कागदात निर्धास्तपणे नांदत आहेत.

वसतिगृहांची गोष्ट वेगळी नाही. कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइलबंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढले गेले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयात न्या. पी. व्ही. आशा यांनी इंटरनेट मिळण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कात येतो असे म्हणून तिला परत घेण्याचा आदेश दिला. शिस्त हा शब्द उच्चारला की वाद मिटतो, या समजुतीला हा निकाल गैरसोयीचा आहे.

याचा अर्थ सर्व काही मोकळे, असा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ४३ नुसार प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना यंत्रात शिरणे, माहिती उतरवून घेणे किंवा व्हायरस सोडणे याबद्दल भरपाई द्यावी लागते. हेतू लबाडीचा असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा कलम ६६-क खाली वेगळा गुन्हा आहे. पेनड्राइव्हवर बंदी घालणाऱ्या नियमावल्या ही साधी गोष्ट मराठीत सांगत नाहीत. मित्राचे लॉगिन वहीसारखे मागून घेणाऱ्या मुलाला ती कळणार कशी? आणि इथेच नियमावलीची धारही आहे. ‘परवानगी’ म्हणजे काय हे तीच ठरवते, त्यामुळे तिचा मोघम शब्द फौजदारी कलमाला जाऊन चिकटू शकतो. अ‍ॅरन स्वार्ट्‌झ या अमेरिकी प्रोग्रामरने २०१०-११ मध्ये एमआयटीच्या जाळ्यातून ‘जेस्टोर’ या ऑनलाइन संग्रहातले लाखो शोधनिबंध उतरवले. जेस्टोरने तडजोड केली, सरकारी वकिलांनी केली नाही. खटला चालू असताना, ११ जानेवारी २०१३ रोजी, सव्वीस वर्षांच्या स्वार्ट्‌झ यांनी आत्महत्या केली. त्या वेळी एमआयटी तटस्थ राहिली, आणि ती तटस्थताच पुढे टीकेचा विषय झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्हॅन ब्युरेन खटल्यात स्पष्ट केले की ज्या माहितीपर्यंत जाण्याची मुभा आहे ती गैर हेतूने पाहिली म्हणून संगणक-घुसखोरीचा गुन्हा होत नाही. दार उघडे की बंद एवढाच प्रश्न. आत येण्याचे कारण नाही.

‘केवळ शैक्षणिक कामासाठी’ हे कलम या कसोटीवर घासून पाहावे. नंदुरबारमध्ये संगणक कक्षाबाहेर रांग लागते ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना. हे काम शैक्षणिक की खासगी? त्यासाठी आधार जोडलेले बँक खाते लागते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधानांच्या हस्ते याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ज्या जिल्ह्यापासून राज्यव्यवस्थेने नागरिकाला संगणकात नोंदवायला सुरुवात केली, तिथेच त्या नोंदीचा लाभ घेण्यासाठी कॉलेजच्या संगणकावर बसणे ‘इतर काम’ ठरू शकते. रेल्वेभरतीचा अर्ज, सातबारा, वडिलांच्या पीकविम्याची स्थिती ही कामेही तशीच. कोरीटच्या विद्यार्थ्याचे शिक्षण आणि त्याचे घर यांच्यात नियमावलीला अभिप्रेत असलेली भिंत नाही. ते कलम काढून टाकून गर्दीच्या वेळी अभ्यासाला अग्रक्रम, एवढे लिहिले तरी पुरे.

चॅटजीपीटीसारख्या साधनांवरची बंदी नियमावल्यांत नव्याने आली आहे. ती लॅबच्या फायरवॉलवर घालणे निरर्थक आहे, कारण तेच साधन खिशातल्या फोनवर चालते. प्रश्न गृहपाठाच्या स्वरूपाचा आहे आणि तो अध्यापकांनी सोडवायचा आहे. तो संगणक विभागाकडे ढकलण्यात सोय आहे, उत्तर नाही.

नियमावलीचे शेवटचे कलम खाते बंद करण्याचे असते. अभ्यासक्रम संपला की लॉगिन संपते आणि त्याबरोबर एन-लिस्टसारखी ई-ग्रंथालयेही मिटतात. विद्यार्थ्याच्या फायली किती दिवस राहतील, त्या कोणत्या रीतीने परत मिळतील, त्याने उघडलेल्या पानांच्या नोंदी सर्व्हरवर किती काळ पडून राहतील, याबद्दल हे कलम बहुधा गप्प असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात उद्देश संपल्यावर माहिती पुसून टाकण्याची तरतूद आहे, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. या दोन्ही गोष्टी प्रवेशअर्जाच्याच पानावर, विद्यार्थी आणि त्याचे आईवडील वाचू शकतील अशा मराठीत, चार ओळींत मावतात.